लाभ, दोन, तीन

फाल्गुन अर्धा सरला की आमच्या भागातला वारा कोरडा होतो. सकाळी दहालाच तो उंबऱ्यावर तुरीच्या भुशीचा पातळ थर आणून टाकतो. त्याच दिवसांत घरासमोरच्या शाळेच्या फाटकापाशी मुलं हातात क्लिपचे पुठ्ठे धरून उभी दिसतात. कोणी ओठ हलवत शेवटचं पान घोकत असतं, कोणी नुसतंच आभाळाकडे बघत असतं. मी निवृत्त माणूस. मला आता कुठलीच परीक्षा नाही. तरी त्या आठवड्यात माझी भूक मरते. बायको विचारते, "आज पेपर आहे का तुमचा?" पेपर नसतो. पण कानात एक इंजिन चालू असतं. ते चढत चढत एका ठिकाणी येऊन अडखळेल की पार होईल, याची मी वाट बघत असतो.

ती परीक्षा मी शेलूबाजारला दिली. पेपर शहरातल्या कॉलेजात झाले, पण खरी परीक्षा झाली ती आमच्या गावात, हमरस्त्याला लागून असलेल्या जब्बार मिस्त्रीच्या गॅरेजात. सत्तरचं दशक संपत आलं होतं. सोयाबीन तेव्हा गावात कोणाला माहीत नव्हतं. मार्चमधला बाजार तूर, गहू आणि हरभऱ्याने भरायचा. मंगरूळपीरकडून, आसेगावकडून बैलगाड्या यायच्या, जीपच्या टपावर पोती यायची, आणि दुपारपर्यंत अख्ख्या रस्त्यावर हरभऱ्याची आंबूस धूळ तरंगत राहायची. माझे बाबा तिथे एका जैन शेठजींच्या अडतीवर मापारी होते. आलेला माल मोजणं हे त्यांचं काम. शाळेत ते दुसरीपर्यंत गेलेले. आमच्या घरात मॅट्रिक झालेला मी पहिला आणि कॉलेजची पायरी चढलेलाही पहिलाच. शेठजींनी दरवर्षी वह्या दिल्या, हेडमास्तरांनी शिष्यवृत्तीचा फॉर्म स्वतः भरून दिला, जब्बार मिस्त्रीने सुट्टीत पाना हातात देऊन इंजिन उघडायला शिकवलं. माझ्या पदवीच्या कागदावर माझं एकट्याचं नाव आहे. एवढ्याशा जागेत सगळ्यांची नावं मावली नसती, असं मी मनाला सांगतो.

शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प करायचा असे. मी विषय घेतला होता, मोटारीच्या एकाच इंजिनावर सुपरचार्जर आणि टर्बोचार्जर दोन्ही बसवण्याचा. आज रस्त्यावरच्या गाड्यांच्या पाठीवर टर्बो असं लिहिलेलं दिसतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. तेव्हा गावात तो शब्द मी आणि जब्बार सोडून कोणी उच्चारला नसेल. इंजिनात जितकी जास्त हवा कोंबाल तितकं ते जास्त जोर करतं. कोंबायच्या रीती दोन. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. इंजिन सुरू झालं की तोही पहिल्या क्षणापासून हवा देतो, पण त्यासाठी इंजिनाचाच जोर खातो. टर्बो फिरतो तो बाहेर टाकलेल्या धुरावर. त्याला वेगळं खायला लागत नाही, पण आधी भरपूर धूर लागतो. इंजिन रेंगाळत असेल तर तो झोपलेला. म्हणून सुरुवातीला पहिल्याने ओढायचं आणि वेग आला की दुसऱ्याने, असा माझा बेत. जब्बारने लोहाराच्या भात्यावरून दोघांना नावं ठेवली होती, पट्ट्याचा भाता आणि धुराचा भाता. पुढे माझ्याही तोंडी तीच बसली.

इंजिन जब्बारकडच्या मोडक्या टॅक्सीचं होतं. धुराचा भाता धरणाच्या कामावर मोडीत निघालेल्या डंपरचा, त्या लहान इंजिनाला फारच मोठा. पट्ट्याचा भाता अकोल्याच्या भंगारातून आणलेला, कोण्या ओतशाळेत भट्टी फुलवून म्हातारा झालेला. "तिघं तीन गावचे, अन् संसार एका खोलीत," जब्बार म्हणायचा. "पाहा इंजिनेरसाहेब, भांडनं तं होतीनच."

भांडणाची जागा एकच होती. पहिल्याने सोडायचं कधी आणि दुसऱ्याने धरायचं कधी. त्यासाठी मी एक झडप बसवली होती. धुराच्या भात्याचा दाब पुरेसा वाढला की ती उघडायची आणि हवा पट्ट्याच्या भात्याला वळसा घालून थेट इंजिनाकडे जायची. झडपेवर स्प्रिंग, स्प्रिंगवर बोल्ट. सुरू करताना बोल्ट गच्च आवळलेला लागे. इंजिन तापलं की तो बरोबर पाच फेरे सैल करायचा, असं माझं गणित सांगत होतं. जास्त सैल झाला तर झडप लवकर उघडणार, धुराचा भाता अजून झोपेत असताना पट्ट्याच्या भात्याची हवा त्याच वळशातून मागे पळणार, आणि इंजिनाचा दम तुटणार. माणसाच्या आयुष्यातही अशी एक फट असते, जुना आधार सुटलेला आणि नवा अजून हाताला न लागलेला. त्या वर्षी मी स्वतः त्याच फटीत उभा होतो, पण तेव्हा मला फक्त इंजिनाची फट दिसत होती.

प्रकल्पाचे मार्गदर्शक खानझोडे सर. कॉलेजची कार्यशाळा परीक्षांमुळे अडकलेली, म्हणून त्यांनी मला गावी काम करायची परवानगी दिली होती. पण अट घातली होती, "चालताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही." सही नाही तर तोंडी परीक्षा नाही, आणि तोंडी नाही तर वर्ष गेलं. शिष्यवृत्तीला एकही नापास वर्ष चालत नव्हतं. म्हणजे गेलेलं वर्ष एकटं जाणार नव्हतं, पदवीला सोबत घेऊन जाणार होतं. सर रविवारी वाशीमला एका लग्नाला निघणार होते. वाटेत शेलूबाजारला उतरून बघतो, म्हणाले.

गुरुवारी पहिल्यांदा सगळं जुळलं. इंजिनाच्या चाकाला दोर गुंडाळून, दोराला शेठजींच्या दुकानातली लोखंडी वजनं टांगून आम्ही भार दिला होता. तो दोर जब्बारने सांभाळायचा. मी गॅस, म्हणजे इंजिनाचा वेग वाढवायचा दांडा, आणि दाबाचा काटा धरायचा. बोल्ट पलीकडच्या अंगाला, भिंतीजवळ होता. तिथे तिसरा माणूस हवा होता. बाजार उठल्यावर बाबा आले, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि पाना घेऊन भिंतीपाशी बसले.

"लाभ," ते म्हणाले. "दोन. तीन. चार. पाच."

आमच्याकडे मापारी माप टाकताना 'एक' म्हणत नाही. पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, मग दोनपासून पुढे. एक म्हणजे एकटं, एक म्हणजे थोडं. राशीची सुरुवात थोडं म्हणून कशी करायची? माप चालू असताना मधे कोणी बोलायचं नाही, आणि रास सरली तरी सरली म्हणायचं नाही. बाबांचा आवाज तेव्हा वेगळा लागायचा, सपाट आणि थोडा लांबलेला. लहानपणी मी पोत्यांवर बसून तो ऐकत झोपून जायचो.

त्या दिवशी इंजिन चढत गेलं. पट्ट्याच्या भात्याचा घरघराट हळूहळू मागे पडला, त्याच्या आतून एक बारीक शीळ उगवली, ती वाढली, आणि मधे कुठेही न तुटता आवाज एका हातातून दुसऱ्या हातात गेला. दोर ताणून जब्बारच्या कपाळाची शीर फुगली होती. तो ओरडून काही म्हणत होता, मला ऐकू आलं नाही. काटा पार होऊन स्थिर झाला. मी गॅस कमी केला आणि आकडा वहीत लिहिला.

शुक्रवारी दुपारी, बाबा पाना घेऊन बसताना, मी त्यांना म्हणालो, "बाबा, रविवारी सर येतीन. त्यायच्यापुढं लाभ नका म्हनू. एक, दोन, तीन म्हना."

"काहून? त्यायले मोजता येत नाही काय?"

जब्बार खो खो हसला.

"तसं नाही. हे मशीनचं काम हाये, बाबा. अडतीवरचं नाही. कॉलेजातले लोक हासतात अशाले."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं," म्हणाले. "तुही परीक्षा, तुहा कायदा."

मग ते मोजू लागले. "एक. दोन. तीन. चार. पाच."

इंजिन चढलं, आणि अर्ध्यावर येऊन मेल्यासारखं झालं. घरघर गेली, शीळ आलीच नाही. मधे एक पोकळी. मग ते खोकलं, आणि कार्बोरेटरच्या तोंडातून हातभर ज्योत बाहेर आली. जब्बारने ओलं पोतं फेकलं म्हणून पुढचं टळलं.

त्यानंतरचे दोन दिवस आठवले की अजून तोंड कोरडं पडतं. पाच फेऱ्यांवर गुरुवारी चाललेलं इंजिन पाच फेऱ्यांवर शुक्रवारी का मरावं? मी नळ्या सोडल्या, पुन्हा बांधल्या. पॅकिंग बदललं. पट्टा घट्ट केला. गणित पहिल्यापासून केलं, उत्तर पाचच येत होतं. प्रत्येक खेपेला काट्याचे आकडे वहीत लिहिले, आणि प्रत्येक खेपेला तेच. चढ, पोकळी, खोकला. इंजिन एकच होतं. अशा खोकल्यात एखादा व्हॉल्व्ह किंवा पिस्टन गेला असता तर दुसरं कुठून आणणार? शनिवारी संध्याकाळी जब्बारही गप्प झाला, आणि जब्बार गप्प होणं हे इंजिन बंद पडण्यापेक्षा वाईट लक्षण होतं.

बाबा पान्यांच्या पेटीवर बसून होते. "मी काही चुकून राह्यलो काय, वसंता?"

"नाही, बाबा. तुमचं काय त्यात. तुमी नुसते पाच फेरे मोजा."

रविवारी अकराच्या सुमाराला सर एसटीतून उतरले. लग्नासाठी घातलेला पांढरा शर्ट, हातात आहेराचं पुडकं. जब्बारने खुर्ची पुसून दिली, ते बसले नाहीत. "एकची गाडी मला गाठायची आहे," म्हणाले. "सुरू करा."

सुरू केलं. इंजिन तापलं. भिंतीकडून बाबांचा आवाज आला, सरांसमोर जपून काढलेला. "एक. दोन. तीन. चार. पाच." मी गॅस वाढवला. चढ आला. मग ती पोकळी आली, आणि सरांच्या देखत ज्योत बाहेर पडली.

सरांनी घड्याळ पाहिलं. मला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी काटा पुसत राहिलो.

"पुन्हा करा," सर म्हणाले. या खेपेला ते माझ्याजवळ थांबले नाहीत. शर्ट सावरत पलीकडे भिंतीपाशी जाऊन बाबांच्या मागे उभे राहिले. बाबांनी मोजलं, पाच म्हणाले. मी गॅसकडे हात नेला तोच सरांनी हात वर केला.

"किती फेरे सैल करायचे आहेत?"

"पाच, सर."

"मी सहा पाहिले."

बाबा वळून बघू लागले. सर त्यांच्याजवळ वाकले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "काका, पहिला फेरा तुम्ही न बोलता फिरवला. तो कसला?"

"तो लाभाचा," बाबा म्हणाले. "पयला हात लाभाचाच असते, साहेब. पोरानं सांगतलं, तुमच्यापुढं बोलू नका. म्हून मी तो मनातल्या मनात म्हनतो. मंग त्यानं सांगतलं तसं एक, दोन, तीन."

जब्बार हळूच म्हणाला, "या अल्ला. दोन दिवस."

बोल्ट पुन्हा आवळला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, पण नेमकी कशासाठी हलवली हे मलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी मोठ्याने लाभ म्हटलं, आणि पाचला थांबले. इंजिन चढलं. घरघर, मग तिच्या पोटातून शीळ, आणि मधली जागा अशी भरून निघाली की फट कुठे होती ते सांगता येईना. सर काट्याकडे बघत राहिले. मग गाडी गाठायला निघताना म्हणाले, "शुक्रवार-शनिवारचे आकडे खोडू नका. ते सहा फेऱ्यांचे आहेत, तसं लिहा. चूक काय झाली, कशी झाली, तेही अहवालात लिहा. बुधवारी घेऊन या, सही करतो."

मंगळवारी मी घरी बसून अहवालाचं शेवटचं पान तयार केलं. बाकीची पानं वाशीमहून टाइप करून आणली होती. चुकीबद्दल मी इंग्रजीत एकच ओळ लिहिली. तिचा अर्थ असा, की मदतनिसाकडून फेरे मोजण्यात चूक झाली. लिहिताना मला काही वाटलं नाही. पुस्तकांत अशीच ओळ असते. काम करणारा निराळा, मदतनीस निराळा, आणि चूक बहुधा मदतनिसाची.

बाबा बाजारातून आले, मोरीवर हातपाय धुतले आणि माझ्यामागे येऊन उभे राहिले. "माहं आलं काय त्यात?"

"आलं."

"काय आलं, वाच."

मी ओळीवर बोट ठेवून मराठीत सांगितलं. पंच्याने हात पुसत ते ऐकत होते.

"म्हंजे चूक मापाऱ्याची."

"फेरा तर जास्त झालाच ना, बाबा."

"झाला. मी कुठं नाही म्हनतो? पन तुनं अर्धंच माप टाकलं." पंचा त्यांनी खांद्यावर घेतला. "तीस वर्सं मोजून राह्यलो मी. शेठ तं शेठ, कास्तकारानं बी कदी माह्या मापावर बोट नाही ठेवलं. लाभ म्हनू नका, हे मले कोनं सांगतलं? ते बी टाक त्यात. मंग काटा कुनीकडं झुकते ते झुको."

आई चुलीपासून म्हणाली, "कायले पोराले सतावता? त्याचं वर्ष जाईन."

"गेलं तं जाईन," बाबा म्हणाले, आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मी बराच वेळ पान समोर घेऊन बसलो. ती दुसरी ओळ लिहिली तर मी केलेल्या प्रयोगात मीच खोड केली असं ठरत होतं, आणि तेही कशासाठी, तर कोणी हसू नये म्हणून. नापास करायला परीक्षकाला एवढं कारण पुरलं असतं. न लिहिली तर कोणाला कळणार नव्हतं. सरांना माहीत होतं, पण ते बोलले नसते. ओट्यावरून बाबांच्या खोकण्याचा आवाज येत होता. शेवटच्या पानावर, त्या ओळीखाली मी लिहिलं, की मोजणाऱ्याची मोजण्याची नेहमीची रीत मी बदलायला लावली होती.

सरांनी ती ओळ वाचली, वर पाहिलं नाही आणि सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक सडपातळ, वयस्क होते. खोलीतला पंखा कागद उडतात म्हणून बंद केलेला. माझ्या आधीचा मुलगा पाच मिनिटांत बाहेर आला होता, तोंड उतरलेलं. परीक्षकांनी माझा अहवाल मागून पुढे चाळला. शेवटच्या पानावर थांबले, खालच्या ओळीवर नख ठेवलं.

"ही कोणती रीत?"

मी सांगितलं. लाभ म्हणजे काय, मापारी तो का म्हणतो, मी काय सांगितलं आणि मग तो फेरा कुठे लपला. माझं इंग्रजी मधेच संपलं आणि पुढचं मराठीत आलं. घामाचा थेंब माझ्या नाकाच्या शेंड्यावर आला होता, पुसायला हात उचलत नव्हता.

"मोजणारे तुमचे कोण?"

"वडील."

"मग चूक कोणाची?"

खानझोडे सर खिडकीतून बाहेर बघत होते. मी म्हणालो, "माझी."

परीक्षकांनी स्वतःचं पेन उघडून माझ्यापुढे धरलं. "मग वरची ओळ खोडा."

मी खोडली. त्यांनी पान उलटलं आणि विचारलं, एवढा मोठा टर्बो इतक्या लहान इंजिनाला का लावला? पुढची वीस मिनिटं ते फक्त इंजिनाबद्दल विचारत राहिले. काही उत्तरं आली, काही आली नाहीत. बाहेर पडलो तेव्हा काय झालं आहे हे मला सांगता आलं नसतं.

शेलूबाजारला एसटीतून उतरलो तर बाबा स्टँडवरच होते. अडतीवरून तसेच आलेले, मिशांवर गव्हाची भुशी. माझ्या हातातली पिशवी त्यांनी घेतली. आम्ही घराकडे निघालो.

"पास?"

"जूनमध्ये कळेल."

"माहं ते लिवलं होतं, ते वाचलं त्यायनं?"

"वाचलं. दोन्ही ओळी वाचल्या. मग चूक मदतनिसाची म्हणणारी वरची ओळ खोडायला लावली. चूक माझी आहे म्हणून."

बाबा थांबले. हमरस्त्यावरून एक भरलेली जीप धुरळा उडवत गेली, ती जाऊ दिली. मग त्यांना हसू आलं.

"अबे, म्हंजे साऱ्या बुकात मी एका जागी होतो, ते बी खोडून आला तू."

मी म्हणालो, "खोडलं तरी वाचता येते, बाबा."

"येते ना?"

"येते. एकच रेघ मारली."

"मंग ठीक हाये," ते म्हणाले, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन चालू लागले.